पंडिता रमाबाई आणि हरवलेली मुलगी



आपल्या वऱ्हाडातील ख्रिस्ती मंडळ्यांत पंडिता रमाबाईंचे नाव ऐकले नाही असे घर विरळाच. केडगावचे मुक्तिसदन, त्यांनी केलेले बायबलाचे भाषांतर, त्यांची संस्कृत विद्वत्ता, ह्या गोष्टी आपण शब्बाथ शाळेपासून ऐकत आलो आहो. आज त्यांचे चरित्र पुन्हा सांगावयाचे ते मात्र निराळ्या हेतूने. अन्याय झालेली एखादी मुलगी किंवा बाई मंडळीच्या दाराशी येते, तेव्हा पाळकाने, उपदेशकाने व वडिलांनी काय करावे, हे त्या चरित्रातून शिकता येते असे आम्हांस वाटते.

हे आम्ही उपदेश करण्यासाठी लिहीत नाही. आम्ही सेवेत नवे असता एका गावी घडलेली गोष्ट आहे. कपाशीच्या वेचणीचे दिवस होते. दिवेलागणीच्या वेळी एक आई आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिच्या मुलीशी मंडळीतल्याच एका वजनदार माणसाने वाईट वर्तन केले होते. आम्ही तिचे सर्व ऐकून घेतले, प्रार्थना केली आणि नाताळ जवळ आला आहे, मंडळीत फूट पडेल, तेव्हा थोडे धीराने घ्यावे, असे सांगून तिला परत पाठविले. ते कुटुंब पुढे गाव सोडून गेले. मंडळीत फूट पडली नाही. पण त्या मायलेकींस आम्ही एकटे सोडले. रमाबाईंचे चरित्र त्यानंतर आम्ही वाचले, तेव्हा आमची चूक आम्हांस पानोपानी दिसू लागली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले, म्हणून शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला, आणि पुढे कुटुंब घेऊन ते तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. रमाबाई आईजवळ शिकल्या. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप व थोरली बहीण अन्नावाचून गेली. उपाशी पोटाने पायी हिंडणे, दारोदार नकार ऐकणे, हे त्यांनी सोळाव्या वर्षी स्वतः भोगले. भाऊ श्रीनिवास ह्याच्यासह त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या व तेथील पंडितांनी त्यांची विद्या पाहून त्यांस पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या वकिलाशी विवाह केला. पण १८८२ च्या आरंभी पटकीने पतीही गेले. पदरी मनोरमा नावाची लहान मुलगी होती. तिला घेऊन त्या पुण्यास आल्या.

पुण्यास त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८२ साली शिक्षणाच्या चौकशीसाठी आलेल्या हंटर कमिशनापुढे त्यांची साक्ष झाली. मुलींस शिकविण्यास स्त्रिया हव्यात आणि ह्या देशातील बायांस औषध देण्यास स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी सांगितले. ह्याचे कारण साधे होते. लाजेने बाया आपले दुखणे पुरुषाला सांगत नाहीत, आणि कितीएक जणी न सांगताच मरतात. आम्ही पुरुष पाळक ही गोष्ट विसरतो. मुलीवर झालेला अत्याचार तिने चार पंचांपुढे, सतरंजीवर मध्यभागी बसून सांगावा अशी आपली अपेक्षा असते. तिने खाली मान घातली की आपण समजतो, तिचे म्हणणे खरे नाही.

१८८३ साली वैद्यक शिकण्याच्या उद्देशाने रमाबाई इंग्लंडास गेल्या. त्यांस कानाने कमी ऐकू येई, म्हणून तो मार्ग पुढे बंद झाला. वाँटेज येथील धर्मभगिनींनी त्यांस आश्रय दिला होता. तेथे एक भयंकर प्रसंग झाला. त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत ह्यांच्या मनाने अशी भीती घेतली की, आपणांस बळेच बाटविणार. त्या घालमेलीत त्यांनी आत्महत्या केली. परक्या देशात, दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या अन्नावर असलेल्या माणसाचे मन किती दबते, हे रमाबाईंनी इतक्या जवळून पाहिले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरास त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

प्रभूकडे त्यांचे मन कशाने वळले हेही पाहण्यासारखे आहे. लंडनातील फुलहॅम येथे धर्मभगिनी एक आश्रम चालवीत. ज्या बायांस समाजाने वाईट चालीच्या ठरवून बाहेर टाकले होते, त्यांची तेथे मायेने शुश्रूषा होई. रमाबाईंनी आपल्या देशात अशा बायांस शास्त्राने व लोकांनी लाथाडलेले पाहिले होते. ह्या भगिनी असे का वागतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांस योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. विहिरीपाशी प्रभू त्या बाईशी ज्या आदराने बोलला, तो आदर रमाबाईंच्या मनात कायमचा बसला. मुक्तिसदनाचा पाया एका अर्थी तेथेच पडला.

बाप्तिस्म्यानंतर वाँटेजच्या वडीलधाऱ्यांशी त्यांचा दीर्घ वाद झाला. सिस्टर जेराल्डीन ह्या त्यांच्या धर्ममाता होत्या व त्यांचे रमाबाईंवर प्रेम होते; परंतु त्यांची अपेक्षा अशी की, नव्या ख्रिस्ती बाईने वडिलांचे मुकाट ऐकावे. रमाबाई कृतज्ञ राहिल्या, पण आपली विवेकबुद्धी दुसऱ्याच्या स्वाधीन करण्यास त्यांनी साफ नकार दिला. पाळकाचा अधिकार खरा आहे. तथापि त्यास मर्यादा आहे. ज्यास लोक देवाचा माणूस म्हणतात, त्याच्यापुढे गरीब कुटुंबास नाही म्हणता येत नाही. म्हणून त्या अधिकाराचा दुरुपयोग झाला की जखम दुप्पट खोल जाते.

१८८६ साली त्या अमेरिकेस गेल्या. तेथे त्यांच्या कामास पैसा देण्यासाठी बोस्टन येथे मंडळ स्थापन झाले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास गेले. सदनात कोणाच्या धर्मात हात घालावयाचा नाही असे ठरले होते. रमाबाई आपल्या खोलीत पहाटे प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन येऊन बसत. ह्यावरून १८९३ साली मोठे वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर वगैरे सल्लागारांनी राजीनामे दिले व पंचवीस-एक मुलींस पालकांनी काढून नेले. दोन्ही बाजूंनी विचार केला तर त्या सल्लागारांची काळजी अगदीच निराधार नव्हती. पालकांनी विश्वासाने मुली ठेवल्या होत्या. रमाबाई मात्र लपूनछपून काही करीत नसत. दार लावून घेणे त्यांस सोपे होते, पण त्यांनी ते उघडेच ठेवले आणि त्याचे नुकसान सोसले.

शोध स्वतः घ्यावा, ऐकीव गोष्टीवर बोलू नये, हा त्यांचा स्वभाव होता. मथुरा-वृंदावनात विधवांची काय दशा होते हे पाहण्यासाठी त्या १८९६ च्या दुष्काळापूर्वी यात्रेकरूच्या वेषात तेथे जाऊन राहिल्या. पुण्य लाभेल अशा आशेने आलेल्या तरुण विधवा पंड्यांच्या जाळ्यात कशा अडकतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे १८९६-९७ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे धावल्या. आपले बाळपण त्यांस आठवले. दुष्काळी कामांवर आणि अनाथगृहांत पोरक्या मुली रात्री कोणाच्या भरवशावर निजतात, त्यांच्याभोवती कोण घिरट्या घालतो, हे त्यांनी बारकाईने पाहिले. जेथे धान्य वाटले जाते, तेथेच अब्रू लुटली जाते, हे कळल्यावर त्यांनी सुमारे तीनशे मुली व बाया आपल्याबरोबर आणल्या.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे लिहावयास घेतले, ती सांगतो.

१८९७ साली पुण्यात प्लेगचा कहर होता. दुष्काळी मुलींस शहरात ठेवण्यास मनाई झाल्यामुळे रमाबाईंनी त्यांस केडगावच्या शेतावर नेले. आजारी व संशयित माणसांस सरकारी इस्पितळात किंवा छावणीत पाठवावे लागे. त्यांच्याकडील एक मुलगी अशीच इस्पितळात नेली गेली आणि परत आली नाही. शेकडो मुलींचा संसार चालविणाऱ्या बाईने एकीचा विचार सोडून दिला असता तर कोणी दोष दिला नसता. रमाबाईंनी शोध घेतला. तिला एका पहारेकऱ्याने आपल्याजवळ ठेवून घेतले आहे, असे त्यांस समजले.

त्यांच्यापुढे कोणते धोके होते हे लक्षात घ्यावे. त्या ख्रिस्ती, सरकार ख्रिस्ती राष्ट्राचे. अनेक मिशनरी अधिकाऱ्यांचे स्नेही. शहरातील प्रतिष्ठित लोक १८९३ पासून विरुद्ध. सदनाची मुलगी अशी गेली हे छापून आले, तर लोक सदनालाच नावे ठेवणार. तरीही मे १८९७ मध्ये त्यांनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ ह्या ख्रिस्ती पत्रात आपल्या नावाने पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळातील व छावणीतील व्यवस्थेवर आणि तेथील बायांच्या असुरक्षिततेवर जाहीर ठपका ठेवला. प्रकरण विलायतेस पार्लमेंटापर्यंत गेले. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट ह्यांनी रमाबाईंचे म्हणणे अत्यंत चुकीचे व दिशाभूल करणारे ठरविले.

त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनीही इंग्लंडात प्लेगच्या बंदोबस्तातील अत्याचारांविषयी सांगितले होते. पुण्याहून ज्यांनी त्यांस पत्रे लिहिली होती, ते पुढे येईनात, आणि गोखल्यांस उघड माफी मागावी लागली. ज्यांनी पाहिले ते घाबरले, आणि ज्याने सांगितले तो एकटा पडला. आपल्या गावांतही असेच होते. रमाबाई आपल्याच घरातील मुलीविषयी बोलत होत्या. त्यांनी आपले म्हणणे मागे घेतले नाही.

आम्ही हा भाग वाचला तेव्हा ओट्यावर बसलेली ती आई आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. रमाबाईंपुढे गव्हर्नर होता. आमच्यापुढे नाताळची उपासना होती!

पुढे केडगावास मुक्तिसदन वाढले. १८९९-१९०० च्या मोठ्या दुष्काळाने आपला वऱ्हाडही होरपळला. त्या सुमारास मुक्तिसदनात दीड हजारांहून अधिक मुली व बाया होत्या. त्यांत ज्यांच्यावर अत्याचार झाले होते, ज्यांस लोकांनी वाईट मार्गास लाविले होते, ज्या रोगी किंवा गरोदर होत्या, त्यांच्यासाठी रमाबाईंनी कृपासदन नावाचे वेगळे घर केले. त्या काळी अशा बायांस पतित म्हणत. आम्हांस हा शब्द लिहवत नाही. कारण पुष्कळ वेळा पडलेला दुसराच असतो आणि नाव तिला मिळते. ह्या घरांतील बाया छापखान्यात खिळे जुळवीत, माग चालवीत, शेत पिकवीत. दयेच्या तुकड्यावर जगणारी बाई पुन्हा कोणाच्याही मुठीत जाऊ शकते, म्हणून तिच्या हाताला काम व डोक्याला अक्षर हवे, असे रमाबाईंचे धोरण होते.

आपल्या अकोल्याशी त्यांचा एक धागा जोडलेला आहे. अकोल्याच्या मिशनात काम केलेल्या जेनी फुलर ह्या बाईंनी बालविवाह, वैधव्य, देवदासी, मुरळी अशा चालींनी बायांवर होणाऱ्या जुलमांविषयी ‘द राँग्ज ऑफ इंडियन वुमनहुड’ हा इंग्रजी ग्रंथ लिहिला. तो १९०० साली प्रसिद्ध झाला व त्यास रमाबाईंनी प्रस्तावना लिहिली. दुसऱ्यांच्या घरातील अन्याय जगापुढे मांडणाऱ्या ह्या मंडळींचे आपण वारस. मग आपल्याच घरात, आपल्याच वसतिगृहात, आपल्याच मंडळीच्या वडिलाकडून अन्याय झाला, तर आपण दार लावून घ्यावे काय?

रमाबाईंचे शेवटचे दिवस दुःखाचे होते. मनोरमाबाईंनी आईच्या कामाचा मोठा भार उचलला होता. त्या २४ जुलै १९२१ रोजी चाळीस वर्षांच्या असता वारल्या. बायबलाचे भाषांतर हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही प्रभूकडे गेल्या. ते बायबल १९२४ साली संपूर्ण छापून निघाले.

आता, बंधूंनो, ह्या चरित्रावरून आपण आपल्या गावी काय करावे?

पहिली गोष्ट, मुलीचे ऐकावे. शक्य तर तिच्या विश्वासातील बाईने, पाळकाच्या पत्नीने, परिचारिकेने ऐकावे. तिला पुन्हा पुन्हा सांगावयास लावू नये. आरोपीस समोर बसवून तर मुळीच विचारू नये. जे सांगितले ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवावे. दुसरी गोष्ट, आज रात्री ती कोठे निजणार, ते स्थळ सुरक्षित आहे काय, हे आधी पाहावे. प्रार्थना करावीच; पण प्रार्थना करून तिला त्याच घरी परत पाठवू नये.

तिसरी गोष्ट कायद्याची. रमाबाईंच्या वेळी जो आधार नव्हता, तो आज आहे. अठरा वर्षांखालील मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे ज्यास कळते, त्याने पोलिसांस कळविलेच पाहिजे, असे २०१२ च्या पोक्सो कायद्याचे एकोणिसावे कलम सांगते. न कळविणारास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि आपल्या हाताखालच्या माणसाचा असा अपराध लपविणाऱ्या संस्थाचालकास एक वर्षापर्यंत. पाळक, वसतिगृहाचा अधीक्षक, शाळेचा मुख्याध्यापक, कोणीही ह्यातून सुटलेला नाही. मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. इस्पितळाने आधी पोलिसांचा कागद आणा असे न म्हणता उपचार केले पाहिजेत, तेही फुकट. मेळघाटातल्या गावाहून धारणीस किंवा अचलपुरास जाणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून तिच्याबरोबर कोणीतरी जावे, भाडे मंडळीने द्यावे, आणि तारखेच्या दिवशी कोर्टातही सोबत असावे.

उपदेशक बंधू आम्हांस विचारतात की, आरोप खोटा असला तर? चौकशी करणे हे पोलिसांचे व न्यायाधीशाचे काम आहे, आपल्या पंचांचे नव्हे. तोपर्यंत त्या माणसास अपराधी म्हणून पुकारू नये. पण मुलांच्या शाळेत, वसतिगृहात किंवा व्यासपीठावर त्यास काम देऊ नये. पैसे घेऊन मिटविणे, किंवा मुलीचे लग्न त्याच माणसाशी लावून देणे, ह्यास समेट म्हणू नये. मुलीने क्षमा करावी म्हणून तिच्यावर भार टाकू नये. क्षमा ही तिने आपल्या वेळी द्यावयाची गोष्ट आहे, आणि क्षमा झाली तरी कायद्याचे काम थांबत नाही. तिचे नाव प्रार्थनेच्या विनंतीतही घेऊ नये. दुसऱ्या शमुवेलाच्या तेराव्या अध्यायात तामारेची हकीकत आहे. भावाने तिला गप्प राहावयास सांगितले. दावीद राजा रागावला, पण त्याने काही केले नाही. त्या गप्प राहण्यातून पुढे त्या घरात केवढा रक्तपात झाला, तो आपण वाचतोच.

मंडळीची अब्रू जाईल, ही भीती आम्हांस समजते. आम्ही तिच्याच आहारी गेलो होतो. पण अब्रू झाकून ठेवल्याने राहत नाही. केडगावास आजही मुक्तिसदन उभे आहे, आणि गव्हर्नराने चुकीच्या ठरविलेल्या त्या बाईचे चरित्र आज आम्ही आपणांस सांगत आहो. इस्पितळातून न परतलेल्या त्या मुलीचे नाव आम्ही येथे दिलेले नाही. रमाबाईंनी तिला मोजले होते, आणि रात्री शिरगणतीत एक कमी भरली तेव्हा त्या स्वस्थ निजल्या नाहीत, एवढे आपण लक्षात ठेवू या.

ती आई आम्हांस पुन्हा भेटली नाही. तिच्यासारखी दुसरी कोणी आपल्या ओट्यावर येईल, तेव्हा नाताळ असो, वार्षिक सभा असो की कापणी असो, दिवा लावावा, तिला आत घ्यावे आणि सकाळच्या पहिल्या गाडीने तिच्याबरोबर निघावे.